दर्यात गेलेल्यांची नावं आणि एक चौक

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सीमेलगत, किनाऱ्यावर, एक नगरपंचायतीचं गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या घरांबद्दल लिहायचं आहे ती तिथे सगळ्यांना ठाऊक आहेत. बाजाराचा रस्ता, एसटी स्टँडकडून येणारा रस्ता आणि बंदराकडे उतरणारा रस्ता जिथे एकत्र येतात तो गावातला एकुलता एक मोठा चौक. मध्ये गोल सर्कल, त्यात हायमास्ट दिवा आणि उद्घाटनानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कोरडं पडलेलं कारंजं. या सर्कलमध्ये समुद्रात बळी गेलेल्या मच्छीमारांचं स्मारक उभारायचा ठराव नगरपंचायतीने केला. जिल्हा नियोजनातून निधी मिळेल असं दिसू लागलं आणि आराखड्याचं काम आमच्या वास्तुविशारद कार्यालयाकडे आलं.

ठरावाला एक चित्र जोडलेलं होतं. पंधरा फुटी कोळी, हातात फेकायचं जाळं, फायबरचा देह आणि त्यावर ब्राँझचा रंग. खाली ग्रॅनाइटचा चौथरा, भोवती स्टीलचं रेलिंग आणि तेच कारंजं, या वेळी रंगीत दिव्यांसह. पुतळा तयार मिळतो, साचा तयार असतो, मार्चअखेर निधी खर्ची पडतो. अशी चित्रं ठरावाला आपोआप चिकटतात.

पहिल्या बैठकीत या चित्रावर कलेची चर्चा झालीच नाही. एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, कागद हातात घेतला, पाहिला आणि म्हणाला, "हो सिनेमातलो वाटता." त्याचं बरोबर होतं. लाल टोपी आणि कमरेचा रुमाल हा मुंबई-वसईकडच्या कोळ्याचा वेश. या गावात समुद्रावर जातात ते गाबीत, खारवी आणि दालदी मुसलमान, आणि मोठ्या बोटींवर नेपाळ आणि कर्नाटकातून आलेले खलाशी. बोटीवर साऱ्यांचा पोशाख एकच, हाफ पँट आणि विटका टीशर्ट. मग पुतळ्याला चेहरा कुणाचा द्यायचा? दाढी ठेवायची की नाही? गळ्यात माळ घालायची की ताईत? चेहरा आला की तो कुणा एकाचा होतो, आणि बाकीचे मुकाट्याने मागच्या रांगेत जातात. तरीही पुतळा रद्द झाला तो या कारणाने नव्हे. तो कायद्याने रद्द झाला.

सर्कलमधून कोपऱ्यात

१८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या अशा जागांवर यापुढे पुतळे किंवा बांधकामं यांना परवानगी देऊ नये. वाहतुकीचं सर्कल हा रस्त्याचाच भाग. शिवाय आपल्या राज्यात पुतळ्याची म्हणून वेगळी वाट आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर प्रस्ताव तपासला जातो आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. गावोगावच्या चौकांत हे सगळं कितपत पाळलं जातं ते आपण पाहतोच. पण इथले मुख्याधिकारी नवे होते आणि फाईलवर सही त्यांची लागणार होती. त्यांनी नियम काढून समोर ठेवले.

बैठकीत थोडी निराशा पसरली. आमच्या दृष्टीने मात्र ही अडचण सोयीची ठरली. सर्कलमधलं स्मारक बघायचं ते गाडीतून, फेरी मारताना. मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचं शिल्प आहे. रोज त्याच्या बाजूने जाणाऱ्यांपैकी किती जण त्याच्या पायाशी जाऊन उभे राहिले असतील? १ मे रोजी पुष्पचक्र वाहिलं जातं तेव्हा तिथे जायला वाट करून द्यावी लागते. या गावात स्मारकाशी येणार होत्या त्या मुख्यत्वे बायका, बऱ्याचशा साठीच्या पुढच्या, डोक्यावर माशांची टोपली किंवा हातात बाजाराची पिशवी घेतलेल्या. डंपर आणि रिक्षांच्या मधून त्यांना सर्कलमध्ये पाठवणं हा वेडेपणाच होता.

चौकाच्या बंदराकडच्या कोपऱ्यावर जुन्या जकात नाक्याची जागा होती. जकात बंद झाल्यापासून ओस पडलेली, नगरपंचायतीच्याच मालकीची. मागे पडकी खोली, पुढे चिऱ्यांचा ओटा. बंदरावरून लिलाव आटोपून वर येणारी बाई डोक्यावरची टोपली पहिल्यांदा उतरवते ती याच ओट्यावर. भरतीरेषेचा नकाशा तपासला, जागा किनाऱ्यालगतच्या बांधकाम-बंधनाच्या पट्ट्याबाहेर निघाली. स्मारक इथे करायचं असं ठरलं. सर्कलमधलं कारंजं काढून तिथे काही करावं का, या प्रश्नाला आम्ही हात लावला नाही.

रामदासची तारीख आहे, यांची नाही

कोकणात समुद्रावरच्या अपघाताचं नाव निघालं की 'रामदास' बोट आठवते. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोट एक, दिवस एक आणि आकडा मोठा. अशा घटनेचं स्मारक करणं मांडणीच्या दृष्टीने त्यामानाने सोपं. एक शिळा, एक तारीख आणि वर्षातून एकदा सभा.

या गावाकडे असा दिवस नाही. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ सगळ्यांच्या लक्षात आहे, पण यादीतली बहुतेक माणसं कुठल्याच नावाच्या वादळात गेलेली नाहीत. कुणी रात्री बोटीच्या काठावरून तोल जाऊन पडला. कुणाची होडी खाडीच्या तोंडाशी, जिथे वाळूचा दांडा दरवर्षी जागा बदलतो, तिथे उलटली. कुणाच्या बोटीला मोठ्या जहाजाने रात्री धडक दिली आणि जहाज थांबलंही नाही. माणसं एकेकटी, दोन-तीनच्या संख्येने, कित्येक दशकं जात राहिली आहेत आणि पुढेही जाणार आहेत. त्यामुळे हे स्मारक कधीच पूर्ण होणार नाही, त्यात वाढायला जागा ठेवावी लागेल, हे आराखड्याचं पहिलं सूत्र ठरलं. पुतळ्यावर नवा माणूस कोरता येत नाही.

एकसरच्या वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांची, आठवण मला इथे झाली. बोरिवलीजवळच्या एकसर गावातल्या या दगडांवर नौकायुद्ध कोरलेलं आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका आहेत, पाण्यात पडलेली माणसं आहेत. तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादव संघर्षाशी ते दगड जोडले जातात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पट्ट्यात मरण, वरच्या पट्ट्यांत स्वर्गाची वाट, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. समुद्रात मेलेल्या माणसासाठी जमिनीवर दगड उभा करायची रीत उत्तर कोकणातच इतकी जुनी सापडते. आम्ही त्यातलं शिल्प घेतलं नाही. घेतली ती उभ्या, सुट्या दगडांची रांग. एका बोटीला एक दगड, आणि रांगेच्या शेवटी पुढच्या दगडांसाठी मोकळा पाया.

यादी

आराखडा काढायला जेवढा वेळ गेला त्याच्या कितीतरी पट यादी करायला गेला. गावात अशी यादी कुठेच नव्हती. मच्छीमार सोसायटीच्या दप्तरात सभासदांची नावं होती, म्हणजे बोटमालकांची. पोलिसांकडे बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी. मत्स्यव्यवसाय खात्याकडे ज्यांनी मदतीसाठी अर्ज केले त्यांचीच प्रकरणं. खलाशी या तिन्हींतून सुटायचे. शेवटी वाड्यावाड्यांतून बसून विचारणं एवढाच मार्ग उरला, आणि तो सोसायटीच्या दोन तरुण सभासदांनी आणि शाळेतल्या एका बाईंनी मनावर घेतला. बायका जमल्या की यादी वाढते हे त्या बाईंच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. पुरुषांना बोट आठवायची, बायकांना माणूस आणि त्याच्या मागे राहिलेली मुलं.

यादीत कोण बसतं यावर तीन वाद झाले.

नेपाळी खलाशांचा वाद सगळ्यात लवकर मिटला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा फार सहज. "आमच्या बोटीर होतो, आमच्याबरोबर गेलो," एवढ्यावर. अडचण निघाली ती नावाची. मालकाच्या वहीत नुसतं पाळण्यातलं किंवा बोटीवरचं हाक मारायचं नाव. खलाशी आणून देणाऱ्या मुकादमामार्फत फोन लावले, काहींच्या घरचे सापडले, आडनाव आणि गाव कळलं. एकाचं काहीच कळलं नाही. त्याचं एकच शब्दाचं नाव कोरलं आहे. पुढे 'नेपाळ' लिहावं अशी सूचना आली ती स्मारकाच्या समितीने नाकारली, कारण इतर कुणाच्याही नावापुढे गाव नाही.

दुसरा वाद कालवं काढायला गेलेल्या बाईचा. ओहोटीला खडकावर कालवं फोडत असताना लाटेने ओढली गेलेली बाई 'मच्छीमार' आहे का? तिच्याकडे बोट नाही, परवाना नाही, सोसायटीचं सभासदत्व नाही. एक-दोन ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं पडलं की स्मारक बोटीवरच्यांचं आहे, उद्या पोहायला गेलेला पर्यटकही यायचा. तेव्हा शाळेतल्या बाईंनी विचारलं की ती खडकावर कशासाठी गेली होती, हवा खायला की पोटासाठी? समुद्रावर पोटासाठी गेलेलं कुणीही, अशी व्याख्या तिथे ठरली आणि तीच पुढे लेखी नियमात आली. स्त्रियांची नावं त्यामुळे आली. संख्येने थोडी, पण ती नसती तर या दगडांनी खोटं सांगितलं असतं.

तिसरा वाद क्रमाचा. अकारविल्हे लावली की आडनावं एकत्र येतात, आडनावं एकत्र आली की जात आणि धर्माचे गठ्ठे पडतात. वाडीप्रमाणे लावली तरी तेच. बोटीप्रमाणे लावली की मात्र माणसं जशी दर्यावर होती तशी येतात, गाबीत तांडेल, दालदी खलाशी, त्याच्याखाली नेपाळचा पोर. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकात नावं अशीच नात्याने आणि सोबतीने लावलेली आहेत, कोण कुणाबरोबर काम करत होतं, कोण कुणाच्या शेजारी होतं ते पाहून. आमच्या समितीतल्या कुणालाही ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. बोटीचा विचार करणाऱ्या माणसांना ते आपोआप सुचलं.

"हरवलोहा, मेलो नाय"

या प्रकरणातला खरा गुंता हा आहे.

यादीतल्या बऱ्याच जणांचे मृतदेह मिळालेले नाहीत. कायद्याच्या भाषेत ते बेपत्ता. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. त्या सात वर्षांत विमा अडकतो, बोटीच्या कर्जाचा हप्ता मात्र अडकत नाही. पण कायद्याची सात वर्षं संपली म्हणून घरातली संपतात असं नाही. एका आजीने यादी घेऊन आलेल्या मुलांना सरळ सांगितलं, "माझो झील हरवलोहा, मेलो नाय. दगडार नाव घालू नकात." तिच्या सुनेचं म्हणणं वेगळं होतं. तिला नाव हवं होतं. तिला कुठेतरी जाऊन बसायचं होतं. एकाच घरातली ही दोन माणसं, आणि दोघींपैकी कुणाला चूक म्हणायचं?

सासूला वाटणारी भीती नुसत्या भावनेची नव्हती. दगडावर नाव कोरलं की गाव त्या दिवसापासून सुनेला विधवा धरतं. कुंकू, मंगळसूत्र, हळदीकुंकवाचं आमंत्रण, सगळं त्या एका कोरीव ओळीवरून ठरायची शक्यता. काही ठिकाणी नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीचे प्रश्न होते. म्हणजे आम्ही ज्याला 'नामफलक' म्हणत होतो तो त्या घरांसाठी दाखला होता.

वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकावर या प्रश्नाचं एक उत्तर आहे. १९८२ साली उभ्या राहिलेल्या, माया लिन यांनी विद्यार्थिनी असताना आखलेल्या त्या काळ्या भिंतीवर मृत ठरलेल्याच्या नावापाशी छोटा चौकट-हिरा कोरतात आणि बेपत्ता असलेल्याच्या नावापाशी फुली. अवशेष ओळखले गेले तर फुलीवर हिरा येतो. माणूस जिवंत परतलाच तर फुलीभोवती वर्तुळ काढायचं, अशीही तरतूद आहे. कल्पना सुंदर आहे आणि आम्ही ती समितीपुढे ठेवली. पण मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात फुली म्हणजे ख्रिस्ती थडग्यावरचा क्रूस, तिचा भलताच अर्थ लागणार. शिवाय अशी खूण वाचायला बाजूला माहितीफलक लागतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'मृत' आणि 'बेपत्ता' अशी विभागणी दगडावर केली की आजीच्या घरातलं भांडण चौकात आलं.

उत्तर तारखेतून निघालं. मरणाची तारीख बहुतेकांच्या बाबतीत कुणालाच ठाऊक नाही. किनारा कधी सोडला ते मात्र गावाला पक्कं ठाऊक असतं, कारण बर्फ आणि डिझेल कधी भरलं ते लोक विसरत नाहीत. म्हणून दगडाच्या माथ्यावर बोटीचं नाव, खाली बंदर सोडल्याची तारीख आणि मग नावं. नावांपुढे 'कै.' नाही, 'स्व.' नाही, 'मर्हूम' नाही, वय नाही. दगड फक्त एवढंच सांगतो की ही माणसं या दिवशी या बंदरातून निघाली. पुढचं ज्याचं त्याने समजायचं.

संमतीचा नियमही लेखी झाला. घरातल्या कुणाही जवळच्या माणसाने नको म्हटलं तर नाव कोरायचं नाही, पण त्या बोटीच्या दगडावर त्याच्या ओळीची जागा कोरी ठेवायची. त्या आजीचा मुलगा ज्या बोटीवर होता त्या दगडावर तिसरी ओळ रिकामी आहे. सुनेने हे मान्य केलं. मनापासून की नाइलाजाने, ते मी विचारलेलं नाही.

तारखेच्या या युक्तीने एक वेगळंच लचांड उभं केलं, ते आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. एका बोटीची निघाल्याची तारीख या बंदीच्या काळातली निघाली. गावात सगळ्यांना माहीत, कागदावर कुठेच नाही. तारीख कोरली तर मालकावर बोट ठेवल्यासारखं होतं, आणि मालकापेक्षाही खलाशांच्या घरच्यांना धास्ती, मिळालेली मदत कुणी परत मागेल काय? खूप खल झाला. त्या दगडावर फक्त साल घालायचं ठरलं. माझा विरोध होता, कारण एका दगडावर नुसतं साल आणि बाकी साऱ्यांवर पूर्ण तारीख म्हणजे लपवलेली गोष्ट ठळक करून दाखवणं. सगळ्याच दगडांवर फक्त साल घालावं असं मी सुचवलं. ते बाकीच्या घरांना मान्य नव्हतं. त्यांना आपली तारीख हवी होती. आज तो दगड तसाच आहे आणि गावातला कुणीही तो का तसा आहे हे बाहेरच्याला सांगत नाही.

दगड, गंज आणि पाऊस

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला, पहिल्याच पावसाळ्यात, कोसळला. त्यानंतर या किनाऱ्यावर कुठल्याही सार्वजनिक कामाच्या बैठकीत खारी हवा आणि गंज हे शब्द आपोआप येऊ लागले. आमच्या कामाला त्याचा उपयोगच झाला. एरवी ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागितलं की ठेकेदार आणि अभियंता दोघेही 'स्टील ते स्टील' म्हणतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे क्षाराला ते जास्त काळ तोंड देतं. ३०४ वर किनाऱ्यालगत चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग लवकर दिसू लागतात.

आम्ही धातू जवळपास काढूनच टाकला. रेलिंग नाही. मागची भिंत गिलावा न केलेल्या जांभ्या चिऱ्यांची, जशी इथल्या घरांची गडगी असते तशी. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेने टणक होतो, पण त्याच्या अंगात पाणी मुरतं आणि अक्षर त्यात टिकत नाही. म्हणून नावांसाठी काळवत्री, म्हणजे घट्ट काळा बेसॉल्ट. प्रत्येक शिळा भिंतीपासून सुटी, मागे हवा आणि पाणी खेळायला फट, खाली पायात ३१६ च्या खुंट्या. साध्या लोखंडाची खुंटी घातली तर गंज धरताना फुगते आणि दगडाला आतून चीर पाडते. सिमेंटच्या गाऱ्याने शिळा चिकटवली असती तर दोन पावसाळ्यांत पांढरे ओघळ उतरले असते. पायाच्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यासाठीची 'तीव्र' श्रेणी धरली, एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ५० मिलिमीटर आच्छादन. हे आकडे ठेकेदाराला पाठ असतात; ओतताना सळईखाली ठोकळे लावायचे कुणी आणि कधी हे पाठ नसतं, म्हणून काँक्रीटच्या दिवशी तिथे उभं राहावं लागतं.

अक्षरांवर मात्र आम्ही हट्ट धरला. ठेकेदाराचा प्रस्ताव होता सँडब्लास्टिंगचा, म्हणजे यंत्राने वाळूचा फवारा मारून कोरायचा, वर सोनेरी रंग. देवनागरीची छोटी अक्षरं स्टेन्सिलमधून मारली की 'ष्ण', 'क्ष्म' अशी जोडाक्षरं आतून भरून येतात, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात तो रंग किती टिकणार? आम्ही नमुन्याचे दोन दगड, एक यंत्राचा आणि एक छिन्नीचा, नगरपंचायतीच्या गच्चीवर आख्खा पावसाळा ठेवले. सप्टेंबरात यंत्राच्या दगडावरचा रंग पोपडे धरून उभा होता. छिन्नीच्या दगडावर शेवाळ होतं, पण नुसत्या कुंच्याने निघालं. पाथरवटाने एक बारकावा स्वतःहून सुचवला. शिरोरेषेची खोबण आडवी असल्याने तिच्यात पाणी थांबतं आणि हिरवं धरतं, म्हणून खालची कड बाहेरच्या बाजूला उतरती काढली. ते त्याने आधी कधी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, देवळाच्या पायऱ्यांवरून शिकलेलं होतं.

अक्षर दीड इंची. सगळ्यात खालचं नाव जमिनीपासून दोन फुटांवर, वरचं साडेचार फुटांच्या आत, म्हणजे शिळेपुढे आलेल्या बाईचा हात प्रत्येक नावापर्यंत पोचतो. एप्रिल-मेच्या उन्हात काळा दगड भाजतो, म्हणून शिळांची तोंडं उत्तरेकडे केली आणि पुढे उंडीची दोन झाडं लावली. उंडी खाऱ्या वाऱ्याला दबत नाही आणि तिचं लाकूड होड्यांना वापरतात. समितीला गुलमोहर हवा होता. गुलमोहर वादळात पहिला पडतो.

तेल, कुंकू, उदबत्ती यांचं काय, हाही प्रश्न होता. नारळी पौर्णिमेला लोक नारळ आणणार, कुणी दिवा लावणार. दालदी घरांना नावावर कुंकू नको. 'इथे पूजा करू नये' अशी पाटी लावायची सूचना आली, पण अशी पाटी पहिल्याच वर्षी हारामागे गेली असती. त्यापेक्षा जुना जकात नाक्याचा ओटा शिळांपासून सहा फुटांवर तसाच ठेवला, त्याच्या टोकाला वाऱ्याच्या आड कोनाडे केले. दिवा तिथेच तगतो, म्हणून तो तिथेच लागतो.

कोनशिला

निविदेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. छिन्नीने अक्षर कोरण्याचा दर आम्हाला दरसूचीत सापडला नाही, म्हणून दर पृथक्करण करून मंजूर करून घ्यावा लागला आणि त्यात मार्च उलटला. निधीची मुदतवाढ मिळाली.

लिहिण्यासारखी आहे ती कोनशिला. मसुद्यात तिचा आकार चार फूट बाय तीन फूट होता. त्यावर प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, सर्व नगरसेवक, मुख्याधिकारी, ठेकेदार आणि हो, वास्तुविशारद. सगळी अक्षरं तीन इंची. म्हणजे मेलेल्यांपेक्षा उद्घाटन करणारे दुप्पट उंच. हे मुद्द्याने सांगून उपयोग झाला नसता. आम्ही दोन्ही पाट्यांचा खऱ्या मापाचा कागदी नमुना करून बैठकीत भिंतीवर शेजारी शेजारी लावला. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग नगराध्यक्षांनी स्वतःच कोनशिला मागच्या भिंतीवर न्यायला आणि अक्षर एक इंचावर आणायला सांगितलं. आमच्या कार्यालयाचं नाव आम्ही काढून घेतलं होतं, त्यामुळे ठेकेदाराचंही आपोआप निघालं.

उभं राहिल्यावर

चौकात आता दुपारी ओट्यावर टोपल्या असतात, संध्याकाळी कॉलेजची मुलं. शिळांपुढे दुचाक्या लावायची सवय काही सुटत नाही. चिऱ्याचे ठोकळे आडवे टाकून बघितले तर लोकांनी दोन गाड्या त्या ठोकळ्यांवरच टेकवल्या. जांभ्याच्या भिंतीवर वरच्या थरात पाणी मुरून शेवाळ वाढतंय. माथ्यावर उतरते कोबे घालायला हवेत, त्याचं अंदाजपत्रक दिलेलं आहे. उंडीचं एक झाड जगलं नाही.

नवं नाव कोरायची पद्धत अशी ठरली आहे. अर्ज नगरपंचायतीत, चौकशी सोसायटीची, निर्णय दरवर्षी नारळी पौर्णिमेआधीच्या एका बैठकीत, कोरणावळ नगरपंचायतीच्या देखभाल खर्चातून. घरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, नाहीतर ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्या बोटींना आधी दगड मिळतील. पाथरवट आता साठीला आला आहे आणि त्याचा मुलगा गोव्यात ग्रॅनाइटच्या मशीनवर काम करतो, तेव्हा ही पद्धत पुढे कोण निभावणार हे सांगता येत नाही.

यंदाच्या बैठकीपुढे एक अर्ज आहे. गावातला मुलगा, मालवाहू जहाजावर नोकरीला, परदेशी समुद्रात जहाजावरून बेपत्ता. समितीच्या व्याख्येत तो बसतो, पोटासाठी समुद्रावर गेलेला आहे. पण दगड बोटीचा असतो आणि त्याच्या जहाजाने हे बंदर कधी पाहिलेलंच नाही, मग किनारा सोडल्याची तारीख कुठली घालायची? त्याच्या वडिलांनी अर्जात एसटीने मुंबईला निघाल्याचा दिवस लिहिला आहे. मला ती तारीख योग्य वाटते. समितीतल्या दोघांना वाटत नाही.